वाटाड्यासोबत जुन्नरचा एक दिवस

पुण्यात पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी घरात विचारणा सुरू होते. शनिवारवाडा झालेला असतो, सिंहगडावरची पिठलं-भाकरी झालेली असते. आता शहराबाहेर कुठे तरी जाऊन यायचं असतं. मुक्काम नको, सकाळी निघून रात्री घरी पाठ टेकायची. अशा वेळी मी जुन्नर सुचवते. माहेरच्या आणि सासरच्या मंडळींसाठी या सहली मी बऱ्याचदा ठरवल्या आहेत. पहिली सपशेल फसली होती. तेव्हापासून जे उमगत गेलं, ते इथे क्रमाने सांगते.

या सहलीत दोन गोष्टी लागतात. दिवसभरासाठी भाड्याची गाडी आणि त्या भागाची माहिती असलेला एक माणूस, म्हणजे गाइड. गावाकडे त्याला वाटाड्या म्हणतात आणि मला तोच शब्द आवडतो, कारण इतिहास सांगण्याआधी त्याला वाट ठाऊक असावी लागते. गाडीही फक्त आपल्या घरच्यांची आणि वाटाड्याही फक्त आपला, म्हणून तिला खासगी सहल म्हणायचं. बसच्या सहलीत चाळीस जणांच्या घड्याळावर चालावं लागतं. इथे आजी दमल्या तर सगळे थांबू शकतात. खर्च जास्त होतो, तो या थांबण्याचा.

जुन्नर पुण्याहून साधारण ९५ किलोमीटर. नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत जायचं आणि डावीकडे वळायचं. या एका तालुक्यात शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझर हे अष्टविनायकांपैकी दोन गणपती आहेत, डोंगरांत कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि पश्चिमेच्या टोकाला नाणेघाट. राज्य सरकारने २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत शिवनेरी आहे.

पहिली पायरी ठिकाणं ठरवण्याची, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. यादी वाचताना सगळं जवळजवळ वाटतं. आमच्या पहिल्या सहलीत एका गाडीवाल्याने "एका दिवसात ओझर, लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट, सगळं करून देतो" म्हटलं आणि आम्ही खुश झालो. ओझरला रांग, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या, शिवनेरी भर उन्हात. नाणेघाटात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आम्ही मोबाईलच्या उजेडात दोन मिनिटं पाहिला आणि परत फिरलो. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत, त्यांचे गुडघे लेण्याद्रीलाच संपले होते.

म्हणून हिशेब तासांचा करा, किलोमीटरचा नको. सकाळी सहाला घर सोडलं तर नाश्ता धरून नऊच्या सुमारास जुन्नर. शिवनेरी निवांत पाहायला तीन तास, म्हणजे बारा वाजले. तिथून नाणेघाटाच्या बाजूला जायला तासभर. जेवण आणि थोडी पाठ टेकणं, अडीच वाजले. नाणेघाटात दोन तास. साडेपाचला परत जुन्नर आणि नऊच्या आत पुणे. एवढ्यातच दिवस भरला. दोन मोठी ठिकाणं आणि मध्ये एक जेवण, याहून जास्त एका दिवसात घेऊ नका. मी हा लेख शिवनेरी आणि नाणेघाट धरून लिहिते आहे, कारण एका दिवसात डोंगरी किल्ला आणि प्राचीन व्यापारी वाट, दोन्ही पाहायला मिळतात. देवदर्शन हवं असेल तर लेण्याद्री आणि ओझर यांचा वेगळा दिवस करा.

मग तारीख. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. पावसाळ्यात नाणेघाट फार सुंदर दिसतो. वारा कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं वर उडवतो, ते पाहायला लोक लांबून येतात. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, धुकं इतकं असतं की चार हातांवरचं दिसत नाही, आणि पुणे जिल्ह्यात गर्दीच्या धबधब्यांच्या जागी प्रशासन कधीकधी बंदीचे आदेशही काढतं. पावसात जायचंच असेल तर आठवड्यातला मधला वार निवडा आणि आदल्या दिवशी वाटाड्याला फोन करून रस्ता व बंदी दोन्ही विचारा. एप्रिल-मेमध्ये शिवनेरीचा कातळ दुपारी तापतो. तेव्हा आणखी लवकर निघून गड सकाळी दहाच्या आत उरकायला हवा.

काही तारखा टाळाव्याच. १९ फेब्रुवारीला शिवजयंती असते. महाराजांचा जन्म १६३० साली याच गडावर झाला, त्यामुळे त्या दिवशी आणि तिथीच्या जयंतीलाही जुन्नर माणसांनी भरून जातं. तो सोहळा पाहायचाच असेल तर जरूर जा, पण ती सहल वेगळी. लेण्याद्री आणि ओझरला चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, गर्दी होते आणि तिचा ताण रस्त्यावर पडतो. कॅलेंडरवर एकदा नजर टाकली की हे सगळं दिसतं.

आता कोण कोण येणार ते कागदावर लिहा, वयासकट. शिवनेरीची वाट पायऱ्यांची आणि बांधीव आहे, गाडी पायथ्यापर्यंत जाते. सावकाश चढणाऱ्याला वर पोचायला पाऊण तास ते तास लागतो. ज्यांना दोन जिने चढल्यावर बसावं लागतं त्यांनी हट्टाने चढू नये. पहिल्या दोन दरवाजांपर्यंत जाऊन परत यावं किंवा पायथ्याच्या सावलीत थांबावं. त्यांच्या सोबतीला कोण थांबणार हे घरीच ठरवा. पायथ्याशी उभं राहून ठरवलं तर कुणी तरी मन मारून थांबतं. गडाची दुसरी एक वाट साखळीची आहे, म्हणजे कातळात ठोकलेल्या साखळीला धरून चढायची. ती सरावलेल्या गिर्यारोहकांसाठी आहे. नातवंडांनी कितीही आग्रह केला तरी तिकडे जाऊ नका.

इथून पुढे वाटाड्याचा शोध. वाटाड्या त्याच तालुक्यातला हवा, शक्यतो जुन्नरच्या पश्चिम भागातला. पुण्याहून गाडीत बसून येणारा अभ्यासक माहिती उत्तम सांगेल, पण अमुक गावात आज रस्ता खणलाय, तमुक घरी आज जेवण मिळेल, हे त्याला ठाऊक नसतं. तालुक्यात घरगुती मुक्कामाची सोय करणारे बरेच जण आहेत. कृषी पर्यटन केंद्रंही आहेत, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतावरच राहण्या-जेवण्याची व्यवस्था. तिथे मुक्काम नसला तरी फोन करून विचारायला हरकत नाही. ते बहुधा गावातल्याच एखाद्या जाणत्या मुलाचं नाव सुचवतात. गडकोटांवर नियमित जाणारे ट्रेकर मित्र हा दुसरा मार्ग.

फोनवर तीन प्रश्न विचारा. पहिला, "तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्या कुणाला पाठवणार?" दुसरा, "आमच्याबरोबर वृद्ध माणसं आहेत, तर काय गाळाल?" तिसरा, "नाणेघाटातल्या लेखात काय आहे?" तिसऱ्याचं उत्तर पाठ नसलं तरी चालेल, पण तिथे लेख आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्याला घेऊ नका. दुसऱ्या प्रश्नावर जो म्हणतो "काही गाळायची गरज नाही, सगळं होतं", त्याच्यापासूनही जपून राहा. चांगला वाटाड्या आपल्याआधी यादीतलं काही तरी खोडतो.

इथेच एक गैरसमज सांगून टाकते. गाडी ठरवताना "गाइडसकट" असं म्हटलं जातं आणि पुष्कळदा त्याचा अर्थ चालकच माहिती सांगेल एवढाच असतो. आमच्या पहिल्या सहलीत हेच झालं. चालक भला माणूस होता, पण गड चढायचा तर गाडी सोडून येणार कसा? त्याने खालूनच हात करून वाट दाखवली. चालक आणि वाटाड्या ही दोन माणसांची दोन कामं आहेत, हे आधी स्पष्ट करून घ्या.

वाटाड्याचं मानधन पूर्ण गटाचं असतं की माणशी, हे विचारा. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हेही. त्याचं दुपारचं जेवण आपल्याबरोबर आणि आपल्याकडून, असं मानून चला. घासाघीस फार करू नका. वर्षातले मोजके महिने त्याला हे काम मिळतं आणि एका दिवसासाठी तो शेतातलं काम बाजूला ठेवून येतो.

गाडीची पाटी हा बारीक वाटणारा पण मोठा मुद्दा. भाड्याने चालणाऱ्या मोटारीची नंबरपाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. विजेवर चालणारी भाड्याची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी. ती भाड्याने देणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

गाडीतल्या जागा मोजताना एक माणूस हमखास विसरला जातो. आपण चौघं आणि चालक, म्हणून पाच जणांची मोटार ठरवली, आणि जुन्नरला वाटाड्या रस्त्यावर उभा! बसायचा कुठे? एका सहलीत आमचा वाटाड्या दुचाकीवरून पुढे आणि आम्ही मागे असे फिरलो. प्रवासातली सगळी माहिती त्याच्या हेल्मेटमध्येच राहिली. चौघांसाठीही सहा-सात जणांची गाडी घ्या आणि चालकाशेजारची जागा वाटाड्याची समजा.

भाड्याचा हिशेब शांतपणे समजून घ्या. बाहेरगावच्या गाडीला किलोमीटरमागे दर असतो आणि दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, बहुधा २५० किंवा ३००. तेवढे फिरलो नाही तरी तेवढ्यांचे पैसे द्यायचे. पुणे ते जुन्नर ९५, जुन्नर ते नाणेघाट ३०-३५. जाऊन-येऊन आणि मधलं इकडेतिकडे धरून २६०-२७० किलोमीटर होतात. आता मोजणी कुठून सुरू होते ते विचारा. बऱ्याच जणांची मोजणी गॅरेजपासून गॅरेजपर्यंत असते, म्हणजे गाडी जिथे उभी राहते तिथपासून. गाडीवाला हडपसरचा आणि आपण कोथरूडला, तर तेही किलोमीटर आपल्याच बिलात येतात. चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग दरात धरलंय की वेगळं, रात्री किती वाजल्यानंतर जादा आकार लागतो, हे याच फोनवर विचारून घ्या.

जे ठरलं ते व्हॉट्सअॅपवर चार ओळींत लिहून गाडीवाल्याला आणि वाटाड्याला पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर मागवा. तारीख, वेळ, माणसं, ठिकाणं, दर. दोघांना एकमेकांचा फोन नंबरही द्या. हे राहिलं की सकाळी आपण मोबाईलला चिकटून बसतो, वाटाड्या एका चौकात आणि गाडी दुसऱ्या.

जेवणाचं आदल्या दिवशीच सांगायचं. पश्चिमेच्या गावांत खानावळींची रांग नाही. घरात चूल पेटते ती सांगितल्यावर. किती माणसं, तिखट किती चालेल, कुणाचा उपास आहे का, एवढं वाटाड्याला कळवा. आणि सांगितल्यावर जेवण ऐनवेळी रद्द करू नका.

आदल्या रात्री पिशवीत काय भरायचं? माणशी दोन लीटर पाणी, टोप्या, तळ पकडेल असे बूट, रोजची औषधं, आणि एक चांगली बॅटरी. मोबाईलचा दिवा पुरेल असं वाटतं, पण नाणेघाटात खरी बॅटरी उपयोगी पडते, ते पुढे सांगते. रोख पैसे सुट्यांसकट ठेवा. नाणेघाटाजवळच्या घाटघर गावाच्या बाजूला रेंज जाते आणि रेंज गेली की क्यूआर कोड असून उपयोग नाही. उग्र अत्तर आणि सेंट घरीच राहू द्या. त्याचंही कारण गडावर सांगते.

निघायची वेळ पाळायलाच हवी. भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर एकदा रस्त्यावर आले की तासाचा रस्ता दोन तासांचा होतो. सहाला निघालेला माणूस चाकण सहज ओलांडतो, साडेसातला निघालेला तिथेच नाश्त्याची वेळ घालवतो. घरातल्या सगळ्यांना साडेपाचची वेळ सांगा, म्हणजे सहाला गाडी हलते.

राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. नाश्ता इथे करा. हे गाव द्राक्षांचं, टोमॅटोच्या बाजाराचं आणि तमाशाचं. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. गुढीपाडव्याच्या आसपास तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावच्या यात्रांची सुपारी इथेच ठरते. त्या दिवसांत जाणं झालं तर चालकाला गाडी जरा हळू घ्यायला सांगा. जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणींचा मोठा प्रकल्प आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. कुणी तरी नक्की म्हणेल, "आलोच आहोत तर..." आज नको. त्याला आधी परवानगी लागते आणि आपला दिवस आधीच भरलेला आहे.

जुन्नरला वाटाड्या गाडीत बसला की पहिली दहा मिनिटं त्याला द्या. आपण कोण, कुणाला कशात रस आहे, कुणाचे गुडघे दुखतात, कितीला परतायचं, हे सांगा. मुलांची त्याच्याशी ओळख करून द्या. त्याला काय म्हणून हाक मारायची तेही विचारा. दादा, काका, भाऊ, जे त्याला आवडेल ते. दिवसभर "ओ गाइड" म्हणत राहिलो तर तोही तेवढंच तुटक बोलतो.

शिवनेरीच्या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. नुसतं चढत गेलं तर ते सात कमानी म्हणून मागे पडतात. वाटाड्याला म्हणा, "मी शत्रू आहे असं समजा आणि मला कुठे अडवाल ते दाखवा." मग तो वाट कुठे मुद्दाम वळवली आहे, वरून मारा कुठून होतो, दरवाजा समोरून का दिसत नाही, हे उभं राहून दाखवतो. एवढ्या चढाचा शीण मुलांना जाणवतही नाही. शिवाई देवीचं देऊळ वाटेत आहे. महाराजांचं नाव या देवीवरून ठेवलं अशी इथली श्रद्धा. वर अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, बदामी तलाव आणि महाराजांचं जन्मस्थान. जन्मस्थानाच्या इमारतीत पायताण काढून, आवाज खाली आणून जायचं. आमच्या वाटाड्याने तिथे एक शब्दही सांगितला नाही. बाहेर आल्यावर बोलायला लागला.

आता अत्तराचं कारण. शिवनेरीच्या कड्यांवर आणि लेण्याद्रीच्या कातळावर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र वास, फटाका, मोठा आवाज यांनी माश्या उठतात आणि पर्यटकांवर हल्ले झालेले आहेत. ड्रोन उडवू नका, मोहोळाखाली रेंगाळू नका. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. डोकं-तोंड ओढणीने, टॉवेलने झाकायचं आणि वाटाड्या नेईल त्या बाजूला पटकन निघायचं. तिथली मोहोळं कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनही वाटाड्या तिथला हवा.

खाली उतरल्यावर जुन्नरमध्येच इंधन भरून घ्या आणि स्वच्छतागृहाची गरज असेल तर इथेच. पुढे दोन्ही गोष्टी बेभरवशाच्या.

जुन्नर सोडून पश्चिमेला निघालं की अर्ध्या तासात मुलूख बदलतो. ऊस, कांदा, द्राक्षं मागे राहतात. भातखाचरं सुरू होतात आणि बांधावर हिरड्याची झाडं दिसायला लागतात. हा महादेव कोळी समाजाचा भाग. हिरडा हे इथल्या घरांचं हातात पैसा आणणारं पीक. कोवळी फळं झाडावर चढून काढायची, वाळवायची आणि विकायची. तो बाळहिरडा औषधांसाठी जातो. गडावर इतिहास सांगणारा वाटाड्या इथे आला की स्वतःचं घर सांगायला लागतो. त्याला मध्ये तोडू नका, गाडीतली गाणी बंद ठेवा. माझ्या मते अख्ख्या सहलीतला हा तास सगळ्यात मोलाचा, आणि कुठल्याही यादीत तो नसतो.

जेवणात या भागाची मासवडी सांगून ठेवा. नावात मासा असला तरी ती पूर्ण शाकाहारी. आम्ही जेवलो त्या घरातल्या मावशींनी आमच्यासमोर केली. बेसन पिठल्यासारखं घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर हाताने थापलं. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरलं. मग फडक्याच्याच मदतीने गुंडाळी केली, दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून माशाचा आकार दिला आणि सुरीला पाणी लावून वड्या पाडल्या. वर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. तिखटाची सवय नसेल तर रस्सा वेगळ्या वाटीत मागा. आणि हे काम अर्ध्या तासाचं नाही, म्हणून तर आदल्या दिवशी सांगायचं.

नाणेघाटात गाडी पठारावर थांबते. उजव्या-डाव्या कड्यांकडे पळत जाणाऱ्या मुलांना आधी आवरा. इथे कडा सरळ कोकणात तुटतो, कठडे सगळीकडे नाहीत, आणि वारा ढकलतो. फोटोसाठी पाठ दरीकडे करून मागे सरकणं तर नकोच. नानाचा अंगठा म्हणतात तो सुळक्यासारखा उंचवटा समोर दिसतो, बाजूला जीवधन किल्ला. घाटाच्या तोंडाशी दगडाचा भलामोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरेने सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल बैलांच्या पाठीवर याच वाटेने वर चढून जुन्नरला जायचा.

रांजणापासून दगडी वाटेने थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. उतरताना पायांखालचे दगड झिजून गुळगुळीत झालेले, पावसाळ्यात शेवाळलेले. वयस्करांना वाटाड्याचा हात धरू द्या. लेणं दिसायला साधं, चौकोनी खोली. पुष्कळ जण डोकावून परत फिरतात. आत दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत भाषेतला लेख आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका, तिच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा, किती गायी, किती घोडे, किती नाणी, याचा तो हिशेब. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

बॅटरी इथे काढायची. समोरून उजेड पाडला तर भिंत सपाट दिसते. वाटाड्याने बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली, आणि दगडातून अक्षरं वर आली. माझ्या भाचीला त्याने एक जागा दाखवली. एकाखाली एक दोन आडव्या रेघा. "हे दोन," तो म्हणाला. तेव्हा शून्य वापरत नसत, दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हं होती. आपण आज लिहितो त्या अंकांची ही फार जुनी पिढी. भाची अर्धा तास रेघा शोधत बसली. अक्षरांना हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, खडूने गिरवायचं नाही. उजेड तिरपा धरला की सगळं दिसतं.

घाटघरसारख्या गावातून जाताना कुणाच्या अंगणात, भात झोडणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, आणि विचारायचं काम वाटाड्याला करू द्या. मुलांना चॉकलेटं-पैसे वाटू नका. काही द्यावंसं वाटलं तर त्या गावातून काही तरी विकत घ्या. तांदूळ, मध, हिरडा, जे हंगामात असेल ते. आपला कचरा आपल्याच गाडीतून परत.

साडेचारला निघायचं म्हणजे निघायचं. सूर्यास्त पाहण्याचा मोह इथे फार होतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर अनोळखी, वळणांचा रस्ता अंधारात उतरावा लागतो. जुन्नर तालुक्यात बिबट्यांचा वावर मोठा आहे, ऊस हेच त्यांचं घर झालंय. माणिकडोहला तर त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला गाडी थांबवून लहान मुलांना उतरवू नका, वाकून बसायला लावू नका. चालकाने सकाळी सहापासून गाडी चालवली आहे, हेही लक्षात असू द्या. नारायणगावला त्याला चहा आणि वीस मिनिटं हवीतच.

वाटाड्याला जुन्नरला सोडताना ठरलेले पैसे गाडीतून उतरून, त्याच्या हातात द्या. चालकामार्फत नको, कारण मग त्यातले किती पोचले हा प्रश्न उरतो. घरी पोचल्यावर गाडीच्या किलोमीटरचा आकडा आपणही बघा. सकाळचा आकडा फोटो काढून ठेवलेला असला की बिल पाच मिनिटांत मिटतं.

राहिले फोटो. दुसऱ्या दिवशी रेंजमध्ये आलेल्या वाटाड्याला आठवणीने पाठवा, आणि त्यात तो स्वतः दिसतोय असा एक तरी निवडा. आमच्या वाटाड्याला मी नाणेघाटातला पाठवला. एका हातात बॅटरी, दुसरा हात हवेत, भिंतीला न लागता त्या दोन रेघांकडे बोट, आणि शेजारी भाचीचं फक्त डोकं. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याच्या आईला तो फोटो मोठा करून हवा होता.